दोन तारखांमधली मुलं

बाल न्याय मंडळापुढे आणलेल्या मुलाचं वय ठरवायचं असतं, तेव्हा 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 94 सगळ्यात आधी शाळेचा कागद मागतं. शाळेकडचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. दहावीपर्यंत पोचलेली मुलं तिथे थोडी. त्यामुळे मंडळाबाहेरच्या बाकावर बसलेली आई प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड, रेशन कार्ड असं एकेक काढत शेवटी जो घडी पडलेला कागद पुढे करते, तो बहुधा शाळा सोडल्याचा दाखला असतो.

हा दाखला नीट वाचण्यासारखा असतो. जन्मतारीख, जन्मस्थळ, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण. वर्तणुकीपुढे 'चांगली' असं लिहिलेलं असतं. कारणापुढे 'सततची गैरहजेरी'. खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. त्याच फायलीत पोलिसांचा कागद असतो आणि त्यावर गुन्ह्याची तारीख. या दोन तारखांमध्ये कधी सात-आठ महिने असतात, कधी दीड-दोन वर्षं. एवढ्या काळात हा मुलगा कोणाच्याच हजेरीपटावर नव्हता. शाळेनं नाव कमी केलं होतं आणि पोलिसांनी अजून लिहिलं नव्हतं.

बालगुन्हेगारीची कारणं शोधायची तर ती या दोन तारखांच्या मध्ये शोधावी लागतील, आणि ती रोखायची तर तिथेच रोखावी लागेल, असं मला ठामपणे वाटतं. आपली सगळी चर्चा मात्र दुसऱ्या तारखेपासून सुरू होते.

आधी थोडं आकड्यांबद्दल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशभरात अल्पवयीन मुलांवर 30,555 गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी देशातल्या एकूण दखलपात्र गुन्ह्यांचा आकडा 58 लाखांच्या वर होता. म्हणजे साधारण एकशे नव्वद गुन्ह्यांमागे एक गुन्हा अल्पवयीनांचा. पोरं हाताबाहेर गेली, सगळा देश त्यांच्या तावडीत सापडला, असं चित्र बातम्यांमधून उभं राहतं, ते या आकड्यांत दिसत नाही. पण निर्धास्त व्हावं असंही काही नाही. राज्यांच्या यादीत त्या वर्षी महाराष्ट्र सगळ्यात वर होता. ताब्यात घेतलेल्या दर चार मुलांपैकी तिघांहून अधिक 16 ते 18 या वयातली होती. आणि बहुसंख्य मुलं आई-वडिलांबरोबर राहणारी होती.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अनाथ, बेवारस, फलाटावर वाढलेली मुलं गुन्हे करतात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात या मुलांना घर आहे. आई पहाटे उठून डबा करते आणि सात वाजता धुण्याभांड्याच्या पहिल्या घरी हजर होते. वडील सोसायटीच्या दारावर बारा तासांची पाळी करतात, नाहीतर दुसऱ्याची रिक्षा चालवतात. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला झोपण्यापुरती जागा असते, दिवसभर बसायला नसते. तो बाहेरच असतो. आईला दोष देण्याची आपल्याला घाई असते. 'घरी लक्ष नाही' हे वाक्य शाळेत, चौकीत आणि मंडळात तिला सारखं ऐकावं लागतं. लक्ष द्यायला तिनं काम सोडलं तर घराचं भाडं कोण भरणार, हे विचारणारं कोणी भेटत नाही.

आता कायदे शेजारी शेजारी ठेवून पाहा. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी देतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी करतो, घरच्या धंद्याला शाळेच्या वेळेबाहेरची मदत वगैरे काही अपवाद ठेवून; 14 ते 18 या वयात फक्त धोकादायक कामांना मनाई आहे. म्हणजे चौदावं सरलं की शाळेचा हक्क संपतो, धड नोकरी मिळायला अठरा लागतात, आणि मधली चार वर्षं सरकारच्या लेखी रिकामी राहतात. गुन्ह्यांच्या नोंदीत सर्वांत जास्त मुलं नेमकी कोणत्या वयाची, ते वर आलंच आहे.

त्यात आपल्याकडे नववीचा फास आहे. आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही हा नियम वर्षानुवर्षं पाळला गेला. त्यामागचा विचार चांगला होता. मुलाला नापास करून शिकवता येत नाही, हे खरंच आहे. पण वर ढकलताना मागचं भरून काढायचं असतं, ते झालं नाही. सातवीतल्या मुलाला भागाकार येत नाही हे बाईंना माहीत असतं, मुलालाही माहीत असतं, आणि दोघंही त्याबद्दल गप्प राहतात. मग नववी येते. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून अनेक शाळा नववीतच चाळण लावतात. वडिलांना बोलावून सांगितलं जातं, याचं काही जमायचं नाही, दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. सतरा नंबरचा फॉर्म हा मुळात चांगला मार्ग आहे. पण वर्गात बसून ज्याला जमलं नाही, तो घरी एकट्यानं बसून दहावी काढेल, असं सांगणाऱ्यालाही मनातून वाटत नसतं. मुलगा शाळेतून जातो. काही दिवस सकाळी गणवेश घालून बाहेर पडतो, कारण घरी खरं काय ते पूर्ण कळलेलं नसतं. मग तेही थांबतं.

गल्लीतला भाई त्याला भेटतो तो इथे.

टोळीबद्दल लिहिताना आपण ती एखादी आकस्मिक आपत्ती असल्यासारखं लिहितो. वस्तीतल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाजूनं पाहिलं, तर त्याच्या आसपास रोज संध्याकाळी वेळेवर सुरू होणारी आणि त्याला नावानं ओळखणारी तेवढी एकच संस्था असते. तिथे कोणी त्याला भागाकार विचारत नाही. वडापाव मिळतो, गाडीवर मागे बसायला मिळतं. पहिलं काम फार साधं असतं: निरोप पोचवणं, कोणी येतंय का ते बघत नाक्यावर उभं राहणं. भाईच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो. मध्ये भाईचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळी. त्या ओळी कधी थांबून पाहाव्यात. पासपोर्टएवढ्या चौकटींत गॉगल लावलेले, मिसरूड नुकतं फुटलेले पंचवीस-तीस चेहरे असतात, प्रत्येकाखाली नाव. ज्याचं नाव शाळेच्या पटावरून खोडलं गेलं, त्याचं नाव पहिल्यांदा चौकात लागलेलं असतं. त्याची आई कामावर जाताना ते पाहते, आणि तिला काय वाटावं हे तिलाच कळत नाही.

2022 च्या अखेरीपासून पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' हा शब्द जवळजवळ रोज छापून येऊ लागला. कोयता हे ऊसतोडीचं, नारळ फोडण्याचं अवजार; कुठल्याही बाजारात काहीशे रुपयांत मिळतं. पिस्तुलाला ओळख लागते, पैसा लागतो. कोयत्याला काहीच लागत नाही आणि तो व्हिडिओत दिसतो चांगला. कोयत्यानं केक कापायचा, हवेत फिरवायचा, रील टाकायचं, आणि समोरच्या गल्लीतल्या पोरांनी त्यावर काहीतरी लिहिलं की रात्री राडा. दहशत बसवण्यासाठी वाहनांची तोडफोड, अशी बातमी आपण शंभर वेळा वाचली असेल. ती वाहनं कोणाची होती हे मात्र वाचायचं राहून जातं. हप्त्यावर घेतलेली रिक्षा, भाजीचा टेम्पो, पहाटे कामाला जाणाऱ्याची जुनी दुचाकी. बिबवेवाडी असो की हडपसर, काचा फुटल्या त्या शेजाऱ्यांच्याच. बालगुन्हेगारीची पहिली झळ त्या मुलांच्याच वस्तीला लागते. म्हणूनच तिथली माणसं कडक शिक्षेची मागणी करतात तेव्हा त्यांना निर्दयी म्हणता येत नाही.

टोळ्या लहान मुलांना मुद्दाम पुढे करतात, हे पोलीस सांगतात आणि ते खरं आहे. 'तू अठराच्या आत आहेस, तुला काही होत नाही, लगेच सुटशील,' ही या धंद्यातली पाठ झालेली वाक्यं. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की वयाची मर्यादा खाली आणा, सोळावर आणा, चौदावर आणा. मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. सतरा वर्षांच्या मुलाला वापरणं बंद झालं की तेरा वर्षांचा मुलगा शोधला जाईल. आपल्या बाल न्याय कायद्यात मुलांना वापरणाऱ्यासाठीच कलम आहे. कलम 83 प्रमाणे मुलाचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड होऊ शकतो. मुलाला नशेचा पदार्थ दिला तर कलम 77, त्याच्याकरवी विकून घेतला तर कलम 78. दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा. मालेगावात 'कुत्ता गोळी' आणि छत्रपती संभाजीनगरात 'बटन' या नावानं झोपेच्या गोळ्या पोरांच्या हाती पोचतात. त्या औषधांच्या दुकानातूनच कुठूनतरी निघालेल्या असतात. एखाद्या मुलाच्या खिशात पट्टी सापडली, तर तपास त्या मुलापाशी थांबता कामा नये. मुलाच्या प्रत्येक गुन्ह्यात 'याला कोणी पाठवलं' हा प्रश्न लेखी विचारला गेला आणि त्याचं उत्तर मंडळापुढे ठेवणं तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक झालं, तर भाईंना अल्पवयीन पोरगं महाग पडू लागेल.

या वयाबद्दल विज्ञान काय सांगतं, तेही थोडक्यात पाहू. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास आजही सुरू आहे. त्या अभ्यासाशी जोडलेल्या टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये मांडलं की नियम मोडणाऱ्या किशोरवयीनांत दोन वेगळे प्रकार असतात. अगदी लहानपणापासून आक्रमक वागणारी आणि पुढेही तशीच राहणारी मुलं फार थोडी. बाकीची मोठी संख्या फक्त या वयापुरती भरकटते आणि विशीत आपोआप थांबते, मात्र मधल्या काळात ती कुठल्या सापळ्यात अडकली नाहीत तर. शिक्षण कायमचं तुटणं, व्यसन, कोठडी हे ते सापळे. अमेरिकेत लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडी चालवण्याच्या खेळातून दाखवलं की मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकट्यानं खेळताना घेतात त्याहून कितीतरी जास्त धोका पत्करतात. प्रौढांत हा फरक जवळजवळ दिसत नाही. ट्रिपल सीट जाणाऱ्या पोरांकडे पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पण न्यायाच्या दृष्टीनं त्याचा अर्थ मोठा आहे. घोळक्यात असताना कोयता उगारणारा मुलगा आणि निरीक्षणगृहात रात्री रडणारा मुलगा एकच असतो, आणि त्याचं ते रडणं खोटं नसतं.

म्हणून पहिल्या गुन्ह्याला फार महत्त्व आहे. पहिला गुन्हा बहुतेक वेळा किरकोळ असतो. चार्जिंगला लावलेला मोबाइल, कोणाची तरी ॲक्टिव्हा फिरवायला नेऊन पेट्रोल संपल्यावर टाकून देणं, बांधकामावरची केबल. इथे आपला कायदा आश्चर्य वाटावं इतका शहाणा आहे. 2016 च्या आदर्श नियमांनुसार घोर गुन्हा असेल किंवा प्रौढांबरोबर मिळून केलेला असेल तरच मुलावर एफआयआर नोंदवायचा. बाकी वेळी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल लिहून मंडळाकडे द्यायचा. कोठडीत ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, चोवीस तासांत मंडळापुढे न्यायचं. मंडळावर न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी होतं ते असं. मुलाला चौकीत नेतात, चार फटके देतात, आईला बोलावून दम भरतात आणि सोडून देतात. कागद नको, कटकट नको. हवालदाराला वाटतं आपण पोरावर उपकारच केले, आणि कित्येकदा त्याचा हेतू खरंच चांगला असतो. पण त्या मुलाचा पार्श्वभूमी अहवाल लिहिला गेला नाही, समुपदेशक भेटला नाही, शाळेत परत घालण्याचं कोणी बोललं नाही. आणि नाव मात्र लक्षात राहिलं. पुढे वस्तीत कुठेही चोरी झाली की आधी त्यालाच उचलतात. गणपती आले की बोलावून बसवतात. कागदावर नसलेला मुलगा तोंडी 'रेकॉर्डवरचा' होतो. दोन-तीनदा न केलेल्या चोरीचा मार खाल्ला की केलेली आणि न केलेली यांतला फरक त्याच्या मनातून पुसला जातो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेआड मुलं जन्मली आणि चालायला लागण्याआधी गुन्हेगार म्हणून मोजली गेली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. पण लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' 1987 मध्ये आलं तेव्हा वाचकांना कळलं की शिक्का पुसलेला नाही. काम मागायला गेलं तर जात बघून नाकारतात आणि चोरी झाली तर जात बघूनच पकडतात. आजही पारध्याच्या पोराकडे कुठल्या नजरेनं पाहिलं जातं, हे ग्रामीण भागातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावं. शिकागोमध्ये क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी अनेक दशकांच्या नोंदी तपासून 1942 साली दाखवलं होतं की शहराच्या ठरावीक मोडकळीला आलेल्या भागांत बालगुन्हेगारी कायम जास्त राहते, मग तिथे राहायला येणारा समाज बदलत गेला तरी. एक समाज बाहेर पडून बऱ्या वस्तीत गेला की त्याच्या मुलांतली गुन्हेगारी कमी होते. रक्तात काही नसतं. जागेत असतं, आणि जागा सुधारता येते.

मुलांसाठी वेगळा न्याय असावा हा विचारही आपल्याकडे आयात केलेला, कालपरवाचा नाही. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा 1857 पासून आहे. मुंबई प्रांताचा बाल कायदा 1924 चा; 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचं निरीक्षणगृह ज्या आवारात आहे, ते पूर्वी तुरुंगाचं. कोल्हापूर प्रकरणात 1882 साली टिळक आणि आगरकर यांनी तिथेच 101 दिवस काढले, आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मोठ्या माणसांना कोंडायला बांधलेल्या जागेत पुढे आपण मुलांना 'सुधारायला' ठेवलं. कायदा बदलला, पाट्या बदलल्या, भिंतींची जाडी मात्र तुरुंगाचीच राहिली. निरीक्षणगृहात चौकशी पूर्ण होईपर्यंतच ठेवायचं असतं. कायदा चार महिन्यांत ती संपवायला सांगतो. तिथे पहिल्यांदा मोबाइल चोरलेला मुलगा आणि खुनातला मुलगा वेगळे ठेवायला पुरेशा खोल्या आणि पुरेशी माणसं नसली, तर हा लहान मुलगा बाहेर येताना नवे मित्र घेऊन येतो.

घोर गुन्ह्यांचं काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि ती दगावली, त्यात सहा आरोपींपैकी एक अठराच्या आतला होता. मुंबईत पुढच्याच वर्षी शक्ती मिलच्या आवारातल्या गुन्ह्यांतही अल्पवयीन होते. दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं तरीही वयोमर्यादा खाली आणायला नकार दिला होता. जनक्षोभ मोठा होता, आणि 2015 च्या कायद्यानं मधला मार्ग काढला: 16 ते 18 वयाच्या मुलानं घोर गुन्हा केला असेल तर मंडळानं त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासायची, आणि गरज वाटली तर बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालवण्यासाठी पाठवायचं. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप तरीही देता येत नाही. मला व्यक्तिशः ही तडजोड समाधानकारक वाटत नाही. काही आठवड्यांच्या भेटीगाठींतून त्या गुन्ह्याच्या क्षणी मुलाच्या मनात काय होतं हे ठरवणं कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाला अवघडच. पण ज्यांची मुलगी गेली त्यांच्या डोळ्यांत बघून 'सुधारगृहातली तीन वर्षं पुरेत' असं म्हणणं किती कठीण आहे, तेही मला कळतं.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. काही तासांत जामीन आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध. सारा महाराष्ट्र संतापला आणि त्या संतापात मीही होतो. पण त्या दिवसांत जे बोललं गेलं त्यात एक गफलत झाली. निबंध सौम्य होता म्हणून चूक होती, असं सगळे म्हणाले. माझ्या मते तो पोकळ होता म्हणून चूक होती. त्या मुलाला आपण काय केलं याला सामोरं नेणारं त्यात काही नव्हतं. मृतांच्या आई-वडिलांचा त्यात कुठे उल्लेखही नव्हता. पुढे त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं, 25 जूनला उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवून सोडायला सांगितलं, आणि जुलै 2025 मध्ये त्याला प्रौढ मानून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळानं फेटाळली. दरम्यान रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि पालकांना अटक झाली. त्याचा निकाल न्यायालय देईल. पण बालगुन्हेगारीच्या कारणांचा विचार करणाऱ्यानं एवढं पाहावंच: 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 199 अ अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड सांगतं. तरी आपल्या शहरांत अकरावीच्या क्लासबाहेर विनापरवाना दुचाक्यांची रांग असते, आणि त्या चाव्या घरूनच दिलेल्या असतात. गरिबाच्या मुलाकडे कोणाचं लक्ष नसतं. श्रीमंताच्या काही मुलांना लहानपणापासून कळलेलं असतं की बाबा सगळं मिटवतात. कुठल्याही कृत्याचा परिणाम ज्याला कधी भोगावा लागला नाही, त्याच्यातही काहीतरी घडायचं राहून गेलेलं असतं.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये 'मोठा होण्यासाठी चोरी' नावाचं प्रकरण आहे. मराठी घरांत तीन पिढ्यांनी ते वाचलं. मुलानं चोरी केली, ती कोणाच्या तरी लक्षात आली, आणि त्या माणसानं त्याला धरून ठेवलं, सोडलंही नाही आणि टाकलंही नाही. प्रतिबंधाचा सगळा विचार मला शेवटी या एका माणसापाशी येऊन थांबलेला दिसतो. मुलाला ओळखणारं, त्याच्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवणारं आणि चुकल्यावर न पळणारं एक मोठं माणूस. आई-बाप असतील तर उत्तमच. नसतील किंवा कामात पिचलेले असतील तर दुसरं कोणीतरी.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे हे असं माणूस. पावसात वस्तीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली, त्यांनी चेंडू दिला, आणि झोपडपट्टी फुटबॉलची पहिली स्पर्धा भरवली. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' या चित्रपटामुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. लोकांना त्यातला फुटबॉल आवडला. मला त्यातली संध्याकाळ महत्त्वाची वाटते. रोज ठरलेल्या वेळी मैदानावर कोणीतरी आपली वाट बघतंय, आणि आपण आलो नाही तर विचारणार आहे. भाई जे देतो, तेच हे, फक्त त्याची किंमत पुढे वसूल केली जात नाही.

असं माणूस नशिबानं भेटावं यावर सोडून चालणार नाही. त्याची व्यवस्था करता येते. आपल्या शिक्षण खात्यात 2017 पासून 'बालरक्षक' हा उपक्रम आहे. शिक्षक आपणहून शाळाबाह्य मुलं शोधून परत आणतात, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीच्या तळांवर जातात. त्यांतल्या कित्येकांनी अपार कष्ट घेतले आहेत. पण त्यांची नजर 14 पर्यंतच्या मुलांवर आहे, कारण कायदा तिथपर्यंतच. ती अठरापर्यंत न्यावी. नववी-दहावीतला कोणताही मुलगा सलग दोन आठवडे आला नाही, तर शाळेनं नाव कमी करण्याआधी त्याच्या घरी कोणीतरी जाऊन आलं पाहिजे आणि त्या भेटीची नोंद राहिली पाहिजे. दाखला दिलाच तर त्याची एक प्रत वॉर्डातल्या किंवा गावातल्या बाल संरक्षण समितीकडे जावी. या समित्या कागदावर आहेत. त्यांना काम द्या. महापालिकेच्या शाळांची मैदानं संध्याकाळी पाच वाजता कुलूपबंद होतात, ती रात्री नऊपर्यंत उघडी ठेवायला एक शिपाई आणि एक प्रशिक्षक लागतो. आयटीआयला जोडलेले छोटे अभ्यासक्रम नववी अर्धवट राहिलेल्याला घेता येतील असे हवेत: एसी दुरुस्ती, वायरमनचं काम, दुचाकीच्या गॅरेजातलं काम. ही कामं या मुलांना आवडतात आणि शहराला त्यांची गरज आहे.

परिविक्षा अधिकाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. गुन्हा झाल्यावर मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल हेच लिहितात, पंधरा दिवसांत. त्या अहवालाच्या नमुन्यात घरात कोण कोण, मिळकत किती, घरी मारहाण होते का, व्यसन, मित्र कोण, शाळा का सोडली, शिक्षकांचं वागणं कसं, काय काम करतो, पैसे कोणाला देतो असे प्रश्न आहेत. मी हे रकाने पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटलं की मुलाला इतकं बारकाईनं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारलं असेल. एका अधिकाऱ्याकडे ढीगभर प्रकरणं असली की हे रकाने ठाण्याच्या व्हरांड्यात बसून दहा मिनिटांत भरले जातात, घरी न जाता. मंडळ त्यावरच निर्णय देतं. नव्या निरीक्षणगृहाच्या इमारतीसाठी निधी जाहीर होतो तेव्हा फोटो निघतात. दहा परिविक्षा अधिकारी भरले तर फोटो निघत नाहीत. मला निवडायला सांगितलं तर मी डोळे झाकून दुसरं निवडेन.

आणि शेवटी अठरा पूर्ण झाल्यानंतरचं. बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं की बालपणी केलेल्या गुन्ह्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटू नये आणि ठरावीक मुदतीनंतर त्याच्या नोंदी नष्ट कराव्यात. ज्यांचा खटला प्रौढाप्रमाणे चालला ते तेवढे याला अपवाद. पण आज सुरक्षारक्षक व्हायचं, घरपोच जेवण पोचवायचं, कॅब चालवायची, तरी पोलीस पडताळणी लागते. तिथे ठाण्यातल्या कोणाला तरी आठवतं, हा तोच ना, मागे मोबाइलच्या भानगडीत आणलेला, आणि अर्ज बाजूला पडतो. मुलानं तीन वर्षं सरळ चालून दाखवलेलं असतं, त्याची नोंद करायला कुठे जागाच नसते. पडताळणी करणाऱ्या प्रत्येक ठाण्याला कलम 24 चा मराठी मजकूर पाठवावा, आणि त्या कलमाविरुद्ध अर्ज अडवला तर दाद कोणाकडे मागायची ते मुलाला मंडळानंच, प्रकरण बंद करताना, लेखी द्यावं.